पंधरा एप्रिलपर्यंत अडवलेली जागा

आई, गेल्या महिन्यात मी एक गोष्ट केली. ती नियमात बसणारी होती. ती तुला सांगायची तर तुझ्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करावी लागेल, कारण अमेरिकेतली विद्यापीठं, त्यांची पत्रं, त्यांच्या मुदती यातलं काहीच तू पाहिलं नाहीस. काँक्रीटचे क्यूब मात्र तुला माझ्याहून जास्त कळत होते.

तू पॉलिटेक्निकच्या काँक्रीट प्रयोगशाळेत परिचर होतीस. हजेरीपटावर 'परिचर', सरांसाठी 'बाई', ठेकेदारांच्या माणसांसाठी 'मावशी'. माझी शाळा सुटली की मी तिकडं यायचे आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. तुझ्या हातांना साच्याच्या तेलाचा वास यायचा, तो घरी भाकरी थापतानाही पूर्ण जायचा नाही. सहा इंचांचा एक क्यूब आठ किलोच्या वर भरतो. तू तो पोटाशी धरून टाकीतून काढायचीस, फडक्यानं टिपायचीस आणि मशीनच्या दोन पाट्यांमध्ये असा ठेवायचीस की सरांना तो कधी हलवावा लागला नाही. काँक्रीटची ताकद किती ते बघायला सातव्या दिवशी काही क्यूब मशीनमध्ये दाबून फोडायचे, बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी. सातव्या दिवसाचा आकडा आला की तू पुटपुटत पुढचा आकडा सांगायचीस आणि तीन आठवड्यांनी तो एकदीड एककाच्या फरकानं खरा निघायचा. एकदा सर हसून म्हणाले, "बाई, मग अठ्ठावीस दिवस थांबायचंच कशाला?" तू म्हणालीस, "सात दिवसांतच कळतंय की सर. अठ्ठावीस दिवस कागदासाठी असत्यात." हे वाक्य मी बी.ई.ला असताना उत्तरपत्रिकेत लिहिण्याचा मोह आवरला होता. गेले काही दिवस ते पुन्हा पुन्हा आठवतं आहे.

तुझा दुसरा नियम साच्यांचा होता. प्रयोगशाळेत साचे थोडे आणि ओतणारे पुष्कळ. ज्यानं साचा भरला त्यानंच दुसऱ्या दिवशी येऊन तो उघडायचा, क्यूबवर तारीख घालायची, साचा घासायचा, तेल लावायचं आणि फळीवर पालथा ठेवायचा. पालथा ठेवलेला साचा पुढच्याचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण विद्यार्थी, ठेकेदारांची माणसं, एकदा तर खुद्द विभागप्रमुख, सगळ्यांनी तुझ्यासमोर वाकून साचे घासलेले मी पाहिले आहेत.

मी आठवीत असताना तू मला एक क्यूब करू दिलास. वाढदिवसाची भेट म्हणून. इतर मुलींना गुलमंडीतून फ्रॉक यायचे. मला तू तीन थर भरायला दिलेस आणि प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके मोजायला लावलेस. चौतिसाव्याला मी थांबले तेव्हा तू नुसती माझ्याकडं बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी साडेचारला येऊन मी तो उघडायचा, असं ठरलं होतं. मी आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा साचा तसाच भरलेला होता, कारण तुझ्या नियमातून तू मलाही सोडलं नव्हतंस. "काल का आली नाहीस गं?" तू विचारलंस; प्रयोगशाळेतलं तू घरी कधी काढायची नाहीस. मी म्हणाले, विसरले. तू आवाज चढवला नाहीस. "तुझं झालं व्हतं ना? मग दुसऱ्याचं का अडवलंस? ती शेवटच्या वर्षाची पोरगी दोनदा येऊन गेली. माल मोजून ठेवला व्हता तिनं. लई बारीक तोंड करून गेली बघ." मग तू माझ्या हातात पाना दिलास. अठ्ठाविसाव्या दिवशी तू विचारलंस, फोडायचा की ठेवायचा? मी म्हणाले, ठेवायचा. तो अजून आहे. पुंडलिकनगरच्या घरी गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून पप्पांनी तो तिथं लावला आहे. त्याची ताकद किती ते कुणालाच माहीत नाही.

आता मार्चचं सांगते. मी एम.टेक. झाले आणि तीन वर्षं चिकलठाण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे. काम तुझंच आहे, फक्त अहवालावर सही माझी असते. गेल्या हिवाळ्यात मी अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज केले. कमी सिमेंटचं काँक्रीट हा विषय. कामावर कुणाला सांगितलं नाही, फक्त पप्पांना सांगितलं. अर्जात जन्मठिकाण औरंगाबाद आणि पत्ता छत्रपती संभाजीनगर, तेव्हा ही दोन शहरं एकच आहेत असं वेगळ्या ओळीत लिहून द्यावं लागलं. फेब्रुवारीत एका विद्यापीठाचं पत्र आलं, मार्चमध्ये दुसऱ्याचं. दोघांनीही पूर्ण खर्चाची हमी दिली होती, पाचही वर्षं. फी माफ, राहण्याखाण्यापुरतं मानधन, त्याबदल्यात शिकवायचं आणि संशोधन करायचं. तुला हे खोटं वाटलं असतं. पप्पांनाही वाटलं, त्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं.

तिकडं एक रीत आहे. अशा पत्राला पंधरा एप्रिलपर्यंत उत्तर दिलं तरी चालतं. त्याआधी उत्तर द्या म्हणून कुणी मागं लागायचं नाही, म्हणजे मुलांना सगळी पत्रं समोर ठेवून शांतपणे निवडता येतं. ही रीत चांगली आहे. मी तिची बाजू आजही घेईन. माझी अडचण एवढीच की मला निवडायचं राहिलेलं नव्हतं. दुसरं पत्र अठरा मार्चला आलं आणि त्याच दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी वहीत लिहिलं, 'दुसरीकडे जायचं.' तिथले प्राध्यापक मला हवं तेच काम करत होते. कारणं मोजायला घेतली तर चार निघाली, आणि त्यांतलं एकही पुढं बदलणारं नव्हतं. त्यांना मी त्याच आठवड्यात होकार कळवला. पहिल्यांना नकार कळवला नाही.

का, ते नीट सांगायचा प्रयत्न करते. तू गेल्यापासून मी प्रत्येक गोष्ट दोन ठेवते. घराच्या किल्ल्या दोन, प्रमाणपत्रांच्या प्रतींचे दोन संच, सकाळचे गजर दोन. तू सोमवारी कामावर गेली होतीस आणि शनिवारी नव्हतीस. त्या आठवड्यात मी शिकले की एकच असलेली वस्तू ही वस्तू नसते, ती नुसती शक्यता असते. व्हिसा अडला तर, तिकडचा निधी आटला तर, प्राध्यापकांनी विद्यापीठ बदललं तर. कागदावर हे सगळं पटण्यासारखं दिसतं. पण व्हिसा अडला असता तर दोन्हीकडं अडला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगी आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. सोयगावची, शेतकऱ्याची. इथं खोली करून राहते. हातानं चांगली आहे, तिच्या क्यूबची कड कधी तुटत नाही. तिनंही अर्ज केले होते आणि तिनं ते सगळ्यांना सांगितलं होतं, चहावाल्यालाही. मार्चच्या सुरुवातीला तिला एका विद्यापीठाचं पत्र आलं की आपण प्रतीक्षायादीत पहिल्या आहात. तिनं पेढे आणले. आमच्याकडचे मशीनवरचे काका म्हणाले, "अगं, वेटिंगचे पेढे कोण वाटतं का? उद्या रेल्वेचं वेटिंग लागलं तरी वाटशील!" ती म्हणाली, "खावा हो काका. कन्फर्म झालं की अजून आणते, तवा नाय म्हणू नका." मी पेढा घेतला आणि विद्यापीठाचं नाव विचारलं. ते माझं पहिलं विद्यापीठ होतं. विभाग तोच. प्राध्यापकही तेच आणि त्यांच्याकडं यंदा जागा एकच, हे त्यांनी मला फेब्रुवारीतच लिहिलं होतं.

मी पेढा खाल्ला. छान आहे म्हणाले.

त्यानंतर ती रोज विचारायची. क्यूब काढता काढता, डबा खाता खाता. "ताई, आज आला असंल का हो मेल? तुम्हाला काय वाटतं?" तिच्याजवळ दुसरं एक पत्र होतं, पण ते अर्धं. पहिल्या वर्षाची हमी आणि पुढं 'निधी उपलब्ध असल्यास'. तिच्या घरी दोन लहान बहिणी आहेत. पुढं काय, हा प्रश्न तिच्यासाठी माझ्यापेक्षा जड होता. मी म्हणायचे, धीर धर. रोज नाही, पण बऱ्याचदा म्हणाले असेन. ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. मुदत होती. मुदत माझी होती.

जयंतीच्या दिवशी सकाळी पप्पांनी फोटोला हार घातला, निळा फेटा बांधला आणि खीर होईपर्यंत ओट्याशी उभं राहून विचारलं, "त्या पहिल्यांना नाही म्हणून कळवलंस का गं?" मी म्हणाले, उद्यापर्यंत मुदत आहे. पप्पा म्हणाले, "मुदत आहे म्हणून काय दूध नासेपर्यंत ठेवायचं का?" मी खीर ढवळत राहिले. गल्लीत ढोल सुरू झाले होते आणि त्यांना मिरवणुकीची घाई होती, म्हणून तेही थांबले नाहीत. बाहेर पडताना त्यांनी तुझ्या फोटोलाही एक फूल लावलं. दरवर्षी लावतात.

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता मी पहिल्यांना नकार पाठवला. चार ओळींचा, सभ्य. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती. संध्याकाळी सात वाजता त्यांचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले, शुभेच्छा दिल्या आणि शेवटी लिहिलं की प्रतीक्षायादीतल्या व्यक्तीला आजच विचारतो, थोडं आधी कळलं असतं तर तिच्या दृष्टीनं बरं झालं असतं. मी तो मेल बंद केला आणि जेवायला बसले. जेवण गेलं, हेही सांगायला हवं.

ती मुलगी तेव्हा सोयगावला होती, चुलतभावाच्या हळदीला. सोळा तारखेला सकाळच्या गाडीनं निघाली. घाटात रेंज नव्हती आणि पुढं तिला झोप लागली. अकराच्या सुमारास प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून तिनं फोन उघडला आणि ओरडलीच. काका मशीन बंद करून धावत आले. "ताई! आला! पाच वर्षं, पूर्ण!" मग तिचा चेहरा उतरत गेला, मी तो उतरताना पाहिला. "पण मी काल दुसऱ्यांना हो म्हणून बसले," ती म्हणाली. "झेरॉक्सच्या दुकानातून पाठवलं, हळदीतून उठून. पंधरा म्हणजे पंधरा ना. पाचला खिडकी बंद होती म्हणून पाच वाजायच्या आत पाठवलं." तिनं आपल्या घड्याळाची पंधरा तारीख धरली होती. आयुष्यभर आपण सगळ्यांनी अशाच खिडक्या पाहिल्या आहेत, पाच वाजले की पाटी पालथी. तिकडची पंधरा तारीख आपल्या सोळाच्या सकाळी साडेदहाला संपली. मी मनात वजाबाकी करून पाहिली. अर्धा तास झाला होता. मुदत संपेपर्यंत दिलेला होकार नुसत्या एका ओळीनं परत घेता येतो. त्यानंतर, ज्यांना होकार दिला त्यांनी मोकळं केल्याशिवाय दुसरीकडं जाता येत नाही.

"आता काय करू ताई?" तिनं विचारलं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि मोकळं करण्याच्या विनंतीचा मेल लिहून दिला. चांगला लिहिला. कारण स्पष्ट, सूर नम्र, तीन परिच्छेद. ती म्हणाली, "तुम्ही नसत्या तर माझं काय झालं असतं?" मी म्हणाले, पाठव आता.

चार दिवसांनी उत्तर आलं. तुमच्या होकारावर विसंबून आम्ही यादी बंद केली आहे आणि इतरांना नकार कळवले आहेत, त्यामुळे तुम्हाला मोकळं करणं शक्य नाही, क्षमस्व. तिनं ते मला दाखवलं आणि म्हणाली, "बरोबरच आहे की त्यांचं. त्यांनी तरी किती थांबायचं." मग ती आदल्या दिवशीचे साचे उघडायला बसली. मी तिच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर बसले. काका जेवायला गेले होते.

"तुला आली ती जागा माझ्याकडं होती," मी म्हणाले.

"कोणती?"

"पहिली. पाच वर्षांची. फेब्रुवारीपासून माझ्या नावावर होती."

तिनं पाना खाली ठेवला. "तुम्ही अर्ज केला व्हता? कधी बोलला नाय."

"नाही बोलले."

"मी वेटिंगवर हाय ते तर माहीत व्हतं. पेढा खाल्ला तुम्ही."

"हो."

"आन तुमचं दुसरीकडं जायचं कधी ठरलं?"

गेल्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. वही घरी होती, कुणी तपासणार नव्हतं. मी म्हणाले, "अठरा मार्चला."

तिला बोटं मोजावी लागली नाहीत. आमच्या कामात तो हिशेब पाठ असतो, रोज क्यूबवर तोच घालायचा असतो. "अठ्ठावीस दिवस," ती म्हणाली. खरं सांगते आई, तोपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "मी रोज विचारायचे तुम्हाला. तुम्ही म्हणायच्या, धीर धर." तिनं पाना उचलला आणि राहिलेले नट सोडवले. क्यूब काढला, तारीख घातली, साचा घासून, तेल लावून फळीवर पालथा ठेवला. मी मदतीला हात पुढं केला तेव्हा म्हणाली, "राहू द्या, मॅडम." त्या दिवसापासून ती मला ताई म्हणत नाही.

ती जाणार आहे, त्या अर्ध्या हमीच्या जागी. घरच्यांना तिनं सांगितलंय की पाचही वर्षांचं पक्कं आहे. हे मला काकांकडून कळलं. पुढच्या वर्षी निधी नाही मिळाला तर काय, हे तिला माहीत नाही आणि मलाही. माझ्या नव्या विद्यापीठात तिच्या विषयात काही जागा निघते का, हे मी विचारून ठेवलं आहे. तिला ते सांगितलेलं नाही, उत्तर येईपर्यंत सांगणारही नाही. पुन्हा कुणाला धीर धर म्हणायची माझी इच्छा नाही.

मी नियम मोडला नाही, हे मी गेल्या काही दिवसांत स्वतःला अनेकदा सांगितलं. ते खरंही आहे. पण तुझ्या प्रयोगशाळेतही साचा किती दिवस ठेवायचा याचा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पाटी नव्हती, दंड नव्हता. तू फक्त विचारायचीस, तुझं झालं ना? माझं अठरा मार्चला चार वाजून दहा मिनिटांनी झालं होतं.

ऑगस्टमध्ये मी निघेन. सामानाच्या वजनाला मर्यादा आहे, आठ किलोचा क्यूब नेता यायचा नाही. तो गच्चीच्या दाराशीच राहील. हे पत्रही तिथंच घडी करून त्याच्याखाली सरकवून ठेवते. पप्पा तो हलवत नाहीत.

एकच राहिलं. आठवीतल्या त्या दुपारी मी विसरले नव्हते. साडेचारला मी आले होते. दाराशी ती शेवटच्या वर्षाची मुलगी घमेलं घेऊन उभी होती आणि तू आतून तिला सांगत होतीस, "थांब जरा, माझी पोरगी येईल आता, मग मोकळा व्हईल." मी ते ऐकलं, चपला वाजू न देता मागं फिरले आणि घरी गेले. साचा भरलेला होता तोवर तो माझा होता.